'लागंना' म्हणणारा पाय : तापवलेल्या दगडांच्या पादोपचारात झालेल्या एका इजेचा प्रकरण अभ्यास

गेल्या हिवाळ्यात, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, परभणी येथील माझ्या पादोपचार केंद्रात बासष्ट वर्षांच्या एका महिलेच्या उजव्या तळपायाला तापवलेल्या दगडामुळे फोड आला. फोड मोठा नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या गादीवर, रुपयाच्या नाण्याहून थोडा लहान असा तो होता. परंतु ज्या वेळी ही इजा होत होती, त्या वेळी त्या स्वतः "काहीच लागंना" असे सांगत होत्या, तापमान दाखवणारे उपकरण ४७ अंश सेल्सिअस दाखवत होते आणि आमच्या भिंतीवर लावलेल्या नियमांपैकी एकही नियम मोडलेला नव्हता. सर्व काही नियमाप्रमाणे चालू असताना भाजले, म्हणजे दोष नियमांतच होता, हे मान्य करून त्याचा माग काढण्याचा प्रयत्न मी केला. तो येथे नोंदवत आहे. संबंधित महिलेने आणि तिच्या कुटुंबीयांनी यास संमती दिली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पुढे त्यांचा उल्लेख 'काकू' असा केला आहे. केंद्रातही आम्ही त्यांना तसेच म्हणतो.

व्यक्ती आणि तक्रार

काकू निवृत्त अंगणवाडी सेविका. चौदा वर्षांपासून मधुमेह. गोळ्या चालू, इन्सुलिन नाही. परभणीची थंडी मराठवाड्यात इतरांपेक्षा कडक असते, पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरण्याच्या रात्री येथे अनेकदा येतात, आणि त्या थंडीत काकूंना झोप लागत नव्हती. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, "पायाला मुंग्या आल्यावानी वाटायलंय, आन् तळवे बर्फावानी गार पडायलेत." सुनेने त्यांना आणले होते. ती स्वतः बाळंतपणानंतरच्या टाचदुखीसाठी आमच्याकडे येऊन गेली होती आणि तिला दगडांच्या शेकाने आराम वाटला होता. "आत्यांना बी तेच द्या ताई," असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

पहिल्या दिवशीच्या नोंदवहीत मदतनीस मुलीने लिहिलेल्या दोन ओळी मी या प्रकरणात नंतर पुन्हा पुन्हा वाचल्या. पहिली ओळ : 'मधुमेह – हो.' दुसरी ओळ : 'डाव्या टाचेवर जुना व्रण, भरलेला, पांढरट.' या दोन ओळींच्या मध्ये जो प्रश्न विचारायला हवा होता, तो कोणी विचारला नाही. तो व्रण कशाचा आहे, हे आम्हाला भाजण्याची घटना घडून गेल्यावर आठ दिवसांनी समजले; त्याविषयी पुढे येईल.

पहिल्या दोन बैठका केवळ हाताने, तिळाच्या तेलाने झाल्या. त्यांत काही विशेष घडले नाही. काकूंना बरे वाटले, एक रात्र झोपही लागली.

या उपचाराकडे मी कसे पाहते

येथे माझी भूमिका स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तीवर पुढील विवेचन अवलंबून आहे. आमच्या पादोपचाराचा, म्हणजे तळपायाचे ठरावीक भाग दाबून शरीराच्या इतर अवयवांवर परिणाम होतो असे मानणाऱ्या रिफ्लेक्सॉलॉजीचा, आजचा सांगाडा विसाव्या शतकातील अमेरिकेत तयार झाला. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या शल्यविशारदाने शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून १९१७ साली ती कल्पना ग्रंथरूपाने मांडली आणि युनिस इंगहॅम यांनी १९३० च्या दशकात ते पट्टे तळपायावर आणून आज भिंतीवर टांगला जाणारा नकाशा घडवला. चवड्यावर फुप्फुसे, कमानीत जठर आणि टाचेत कंबर दाखवणाऱ्या या नकाशाला शरीररचनेचा आधार नाही. पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेऊन कोणत्याही आजारावर हा उपचार गुणकारी ठरल्याचा खात्रीलायक पुरावा नसल्याचे नोंदवले आहे. मी अकरा वर्षे हे काम करते आहे आणि माझा अनुभव त्या निष्कर्षाशी भांडत नाही. पाय कुशलतेने चोळले की माणूस सैल होतो, श्वास खाली उतरतो, झोप येते. एवढे मिळाले तरी माझ्याकडे येणाऱ्यांचे समाधान होते. मधुमेह बरा करण्याचे आश्वासन मी कधी दिलेले नाही आणि जे देतात त्यांच्याशी माझे जमत नाही.

दगडांची गोष्ट तर आणखी अलीकडची आहे. तापवलेल्या गोट्यांनी मर्दन करण्याची आज जगभर दिसणारी पद्धत अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातील तूसान येथे मेरी नेल्सन यांनी १९९३ साली सुरू केली आणि तेथून ती पादोपचारात शिरली. शेक ही कल्पना मात्र आपल्या घरात कोणालाच नवी नाही. चुलीत तापवलेली विटकर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कंबरेखाली सारणारी आजी बहुतेकांनी पाहिली आहे. त्या आजीच्या पद्धतीत एक शहाणपण होते, ज्याकडे माझे लक्ष या घटनेनंतर गेले : विटकर एकदाच तापवली जाई, ती निवत जाई, आणि निवली की शेक संपला. चुलीकडे पुन्हा जाण्याचा कंटाळा हाच त्या शेकाचा सुरक्षिततेचा उपाय होता.

दगड

सुरुवातीला मी बाजारातून पॉलिश केलेल्या काळ्या गोट्यांचा संच मागवला होता. डब्यावर ज्वालामुखीच्या ऊर्जेविषयी बरेच काही छापलेले होते. पहिल्याच गरम पाण्यात त्या गोट्यांचा रंग सुटला आणि पाणी शाईसारखे झाले. खरे तर मला माझेच हसू आले. ज्या भागात विहीर खणताना मुरूम आणि काळा पाषाण याखेरीज पहारीला काही लागत नाही, जेथील संपूर्ण जमीन सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर पसरलेली आहे आणि ज्या पाषाणात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, त्या भागात बसून मी ज्वालामुखीचा दगड कुरिअरने मागवला होता.

पुढच्या उन्हाळ्यात गंगाखेडला गोदावरीचे पात्र उघडे पडले तेव्हा तेथून गोटे निवडून आणले. सगळेच गोटे चालत नाहीत. आपल्या बेसाल्टात, म्हणजे याच काळ्या पाषाणात, लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिलेल्या असतात आणि त्यांत पुढे पांढरी स्फटिके, म्हणजे झिओलाइट व त्यासारखी खनिजे, भरलेली असतात. असा पांढऱ्या ठिपक्यांचा गोटा तापवताना आणि निववताना वारंवार फुगून-आकसून त्या ठिपक्यांच्या रेषेत तडकतो. माझा एक असाच तिसऱ्या आठवड्यात पाण्यातच दुभंगला. त्यामुळे घट्ट, एकजिनसी, दोन एकमेकांवर वाजवले असता भद्द न वाजता खणखणीत वाजणारे गोटे घ्यावे लागतात. तळपायाच्या कमानीत बसणारा चपटा गोटा साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅमचा असतो. बोटांच्या बेचक्यांत ठेवायचे गोटे सुपारीएवढे.

बेसाल्टात लोह असल्यामुळे तो उष्णता धरून ठेवतो, असे सर्रास सांगितले जाते. त्यापेक्षा साधे कारण त्याचा घट्टपणा आणि वजन हे आहे. किंबहुना वजनाच्या मानाने पाहिले तर दगड पाण्याच्या तुलनेत फार थोडी उष्णता साठवतो. समान वजनाला आणि समान अंशांना पाण्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी. म्हणूनच गरम पाण्याची पिशवी तासभर ऊब देते, तर मुठीतला गोटा दहा मिनिटांत कोमट होतो. ही गोष्ट मला पूर्वीपासून ठाऊक होती आणि मी तिला उणीव समजत होते. ती उणीव भरून काढण्यासाठी आम्ही दगड बदलत असू.

तिसरी बैठक

त्या दिवशी सकाळी दहा वाजता काकू आल्या. पाण्याचे भांडे ५५ अंशांवर लावलेले होते. मी शेजारच्या खोलीत दुसऱ्या एका गृहस्थांचे पाय पाहत होते आणि काकूंकडे मदतनीस मुलगी होती. आमची तेव्हाची रीत अशी होती : गोटा पाण्यातून काढायचा, पंच्याने कोरडा करायचा, पिस्तुलासारख्या अवरक्त थर्मामीटरने त्याचे तापमान पाहायचे, ४७ किंवा त्याखाली असल्यास सुती नॅपकिनच्या दुहेरी घडीत ठेवून तो तळपायाला लावायचा आणि हलू नये म्हणून वरून कापडी पट्टी गुंडाळायची. मधूनमधून "गरम लागतंय का? सोसतंय का?" असे विचारायचे. सोसवत नसल्यास काढायचा, कमी वाटल्यास बदलायचा.

पहिला गोटा उजव्या पायाला बांधून झाल्यावर मुलीने विचारले. काकू म्हणाल्या, "गार हाय की गं माय. लागंना काहीच." सहा-सात मिनिटांनी तिने दुसरा गोटा लावला. पुन्हा तेच उत्तर. तिसरा गोटा लावताना तिने नॅपकिनची दुहेरी घडी सोडून एकेरी केली. घडी किती असावी हे भिंतीवर लिहिलेले नव्हते. तिने समोरच्या माणसाची तक्रार ऐकून जे वाटले ते केले. तिसऱ्या गोट्याच्या वेळी काकूंना बरे वाटले, म्हणजे थोडेसे दडपण जाणवले, असे त्यांनी सांगितले. ती जाणीव उष्णतेची होती की बांधलेल्या पट्टीच्या दाबाची, हे आज त्यांनाही सांगता येत नाही. एकूण वीस मिनिटे झाली होती.

पट्टी सोडली तेव्हा मी खोलीत आले. तळवा सगळाच गुलाबी झाला होता, तो शेकानंतर होतोच. पण अंगठ्याच्या मुळाशी एक डाग अधिक लाल होता आणि बोटाने दाबल्यावर त्याची लाली जात नव्हती. दाबल्यावर पांढरी होऊन परत भरते ती लाली शेकाची. तशीच राहते ती काळजीची. मी तो पाय लगेच नळाच्या पाण्याखाली धरला, वीस मिनिटे, आणि सुनेला फोन करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवण्यास सांगितले. पाहुणे आल्यामुळे तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन आला : "ताई, आत्याच्या पायाला फोड आलाय. मी हळद लावू का?" हळद नको, टूथपेस्ट नको, फोड फोडायचा नाही, आणि मी रिक्षा घेऊन येते, असे मी सांगितले.

डॉक्टरांनी फोडाची स्वच्छ पट्टी करून दिली आणि त्यानंतर जे केले ते मी प्रथमच जवळून पाहिले. नायलॉनचा एक जाड केसासारखा तंतू त्यांनी काकूंच्या तळपायाला टेकवून तो वाकेपर्यंत दाबला. हा तंतू दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. ज्या पायाला तो स्पर्श कळत नाही, त्या पायाने आपले रक्षण करणारी जाणीव गमावलेली असते; दीर्घकाळच्या मधुमेहात असे होऊ शकते. काकूंचे डोळे मिटलेले होते. "आता लावला का?" असे डॉक्टर विचारत होते आणि काकू शांतपणे "न्हाई" म्हणत होत्या, तंतू अंगठ्याला टेकलेला असताना, चवड्याला टेकलेला असताना, करंगळीखाली टेकलेला असताना. सून माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला.

टाचेवरचा व्रण

आठ दिवसांनी पट्टी बदलण्याच्या वेळी मी तो प्रश्न विचारला. गेल्या वर्षी चैत्रात काकू देवळात गेल्या होत्या. दुपारची वेळ, आवारात शहाबादी फरशी, वहाणा बाहेर. घरी आल्यावर संध्याकाळी टाचेवर फोड दिसला. नवीन चपलेने घासले असेल असे सगळ्यांनी मानले, कारण काकू कळवळल्या नव्हत्या; भाजलेले माणूस ओरडते, ही आपली समजूत. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात दुपारी उघड्यावरच्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाहावे, म्हणजे ही काय चीज आहे ते कळते. काकूंचा पहिला तापलेला दगड माझ्या केंद्रातला नव्हताच. त्या टाचेने वर्षभर आधी उत्तर लिहून ठेवले होते, आम्ही ते 'जुना व्रण, भरलेला' असे उतरवून घेतले आणि पान उलटले.

सुनेने आणखी एक गोष्ट त्याच वेळी सांगितली. चालताना काकूंची चप्पल पायातून निसटून मागे राही आणि त्यांना दोन पावले पुढे गेल्यावर कोणीतरी हाक मारून सांगावे लागे. घरात यावर हसणे होत असे.

मोजमाप

फोड बरा होत असताना मी ती बैठक पुन्हा मांडून पाहिली. पायाच्या जागी ३३ अंशांच्या पाण्याने भरलेली रबरी पिशवी घेतली, तिच्यावर बारीक तारेचा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर चिकटवला आणि तेच गोटे, तोच नॅपकिन, तीच पट्टी वापरली. पिशवी म्हणजे पाय नव्हे, हे मान्य; तिच्यात रक्त वाहत नाही. तरी दोन गोष्टी अशा दिसल्या की ज्यांनी माझी झोप उडवली.

पहिली गोष्ट अवरक्त थर्मामीटरविषयी. हे उपकरण केवळ पृष्ठभाग पाहते. ५५ अंशांच्या पाण्यातून काढलेला गोटा पंच्याने पुसला की त्याच्या अंगावरचा उरलेला ओलावा उडून जाताना पृष्ठभाग निवतो आणि उपकरण ४७ दाखवते. तोच गोटा कापडात गुंडाळून ठेवला की आतली उष्णता बाहेर येते. मिनिटभराने कापड उघडून पाहिले तर पृष्ठभाग ५० च्या पुढे गेलेला असतो. म्हणजे आम्ही दगडाचे तापमान नेमके त्या क्षणी मोजत होतो, ज्या क्षणी ते सर्वांत फसवे असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुहेरी घडीखाली पहिल्या गोट्याने पिशवीचा पृष्ठभाग ४५ पर्यंत नेला आणि सात मिनिटांत तो ४२ वर उतरला. त्यावर दुसरा गोटा ठेवला तेव्हा आरंभ ३३ पासून नव्हे तर ४२ पासून झाला आणि टोक ४६ च्या वर गेले. तिसरा, एकेरी घडीतला, ४९ ला पोहोचला.

या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी एक जुने काम उपयोगी पडते. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिले की त्वचेला भाजते ते केवळ तापमानामुळे नव्हे, तापमान आणि वेळ या दोहोंच्या एकत्रित परिणामाने. त्वचेचे तापमान ४४ अंशांवर राहिले तर इजा होण्यास सुमारे सहा तास लागतात, आणि तेथून ५१ अंशांपर्यंत दर एका अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. या हिशेबाने ४७ ला पाऊण तास पुरतो आणि ४९ ला दहा-अकरा मिनिटे. ६० अंशांना तर पाच सेकंद. हे आकडे निरोगी त्वचेचे आहेत. निरोगी पायात वाहते रक्त उष्णता उचलून नेत असते. काकूंच्या पायात दीर्घकाळच्या मधुमेहाने ती सोय आधीच कमी झालेली होती, आणि वरून आम्ही पट्टी बांधून दाब दिला होता.

याचा अर्थ असा की एकच गोटा लावून तो निवू दिला असता, तर काकूंना जाणीव नसतानाही बहुधा काही झाले नसते. दगड स्वतःच निवतो, आणि निवणारी वस्तू चूक माफ करते. आम्ही दगड बदलून ती माफी काढून घेतली. आणि बदलला कशासाठी, तर बधिर पायाने दिलेल्या उत्तरासाठी. ज्या पायाची जाणीव जितकी कमी, त्या पायाला आमच्या रीतीनुसार तितके अधिक गरम दगड मिळत होते. सुनेच्या निरोगी पायाने पहिल्याच गोट्याला "बास" म्हटले असते आणि ती सुखरूप राहिली असती. आमची पद्धत ज्याला सर्वांत कमी गरज त्याला सांभाळत होती.

मदतनीस मुलीविषयी लिहिणे भाग आहे, कारण पहिल्या दिवशी मी मनातून तिलाच दोष दिला होता. प्रत्येक गोटा तिने स्वतःच्या तळहातावर धरून पाहिला होता आणि तिला तो सोसवेल इतकाच वाटला होता. मी तिच्या हाताखाली एक गोटा ठेवून प्रोबने मोजला : ५२. ती म्हणाली, "एवढं तर काहीच नाही ताई." वयाच्या बाराव्या वर्षापासून ती रोज चुलीवर ज्वारीच्या भाकरी करते, तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारा तो हात आहे. माझा स्वतःचा हातही अकरा वर्षे गरम गोटे हाताळून तसाच झाला आहे, हे त्या दिवशी दोघींनी मोजून पाहिले. आता आम्ही गोटा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहतो, तिथली कातडी भाकरीला सरावलेली नसते, आणि तरीही त्यावर विसंबत नाही.

वैद्यांशी झालेले बोलणे

गावातील एका वयोवृद्ध वैद्यांना मी हे प्रकरण सांगितले. त्यांनी कपाटातून चरकसंहिता काढून सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय माझ्यासमोर धरला. स्वेदनाचे, म्हणजे घाम आणणाऱ्या शेकाचे, तेरा प्रकार त्यात सांगितले आहेत आणि त्यांपैकी एकाचे नाव अश्मघन आहे : माणसाच्या मापाची शिळा लाकडांच्या विस्तवाने तापवायची, निखारे बाजूला सारायचे, शिळेवर गरम पाणी शिंपडायचे, वर वस्त्र अंथरायचे आणि त्यावर रोग्याने निजायचे. हे मला ऐकून माहीत होते. दगडांच्या उपचाराची जाहिरात करणारे अनेक जण या प्रकाराचा दाखला देतात, मीही एका पत्रकात दिला होता. वैद्यांनी त्याच अध्यायातील, अश्मघनाच्या बऱ्याच आधीचा, दुसरा भाग दाखवला. स्वेदन कोणाला देऊ नये, याची ती यादी आहे. गर्भिणी, रक्तपित्ताचे रोगी, अतिसाराचे रोगी अशी नावे वाचत त्यांचे बोट एका शब्दावर थांबले : मधुमेही.

चरकातील त्या शब्दामागील कारणमीमांसा वेगळी आहे आणि आजच्या मज्जातंतूंच्या परिभाषेत ती बसवण्याचा खटाटोप मी करणार नाही. मला टोचले ते एवढेच की आम्ही ग्रंथातून शिळा उचलली आणि यादी तिथेच ठेवली.

मधुमेहाच्या पायांविषयीचे आजचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनही याहून वेगळे सांगत नाही : जाणीव गेलेल्या पायांना ऊब देण्यासाठी हीटर किंवा गरम पाण्याची पिशवी वापरू नये, पाय धुण्याचे पाणी ३७ अंशांखाली असावे, अनवाणी चालू नये, तळवे रोज पाहावेत. गरम दगडाचे नाव त्यात नसले तरी तो कोणत्या रांगेत बसतो, हे समजायला वेळ लागत नाही.

त्यानंतरचे बदल

फोड भरायला पाच आठवडे लागले. उपचाराचा खर्च मी केला. जंतुसंसर्ग झाला नाही, याचे श्रेय डॉक्टरांना आणि रोज पट्टी करणाऱ्या सुनेला आहे. अशा पायाची अशी जखम चिघळून बोट गमावण्यापर्यंत गेल्याची उदाहरणे डॉक्टरांनी मला सांगितली, ती येथे लिहीत नाही.

केंद्रात आता दहा ग्रॅमचा तंतू आहे. वय आणि आजार काहीही असो, दगड हातात घेण्यापूर्वी प्रत्येकाचे डोळे मिटवून दोन्ही पायांची तपासणी होते, आणि एका जागी जरी स्पर्श कळला नाही, तर त्या व्यक्तीला दगड नाही. मधुमेह असलेल्यांना स्पर्श कळत असला तरी दगड नाही; या एका वाक्यावर माझा आणि एका समव्यवसायी मैत्रिणीचा वाद अजून चालू आहे, तिच्या मते मी घाबरून टोकाला गेले आहे. नोंदवहीतील 'मधुमेह – हो/नाही' ही ओळ काढून टाकली. त्याऐवजी किती वर्षे आहे, चप्पल नकळत निसटते का, तळव्याला पूर्वी कधी फोड आला होता का आणि तो दुखला होता का, असे विचारले जाते. शेवटच्या प्रश्नाला लोक चमकतात.

पाण्याचे भांडे आता ४८ वर असते आणि तपमान प्रोबने, गोटा मिनिटभर कापडात ठेवून झाल्यावर, मोजले जाते. ४३ च्या वर गेल्यास तो तसाच निवत ठेवतात. गोटा पायाला बांधणे पूर्णपणे बंद केले. तेल लावलेला गोटा हातात धरून तळव्यावर फिरवत राहायचे, कोठेही टेकवून ठेवायचा नाही, आणि निवला की तो पाय झाला. बदली गोटा नाही. एसटीचे एक चालक गेली तीन वर्षे आमच्याकडे येतात, क्लच दाबून त्यांच्या डाव्या पायाची कमान ताठरते. त्यांना ही फिरवण्याची रीत पूर्वीच्या बांधण्यापेक्षा अधिक आवडली. काही जणांना आवडली नाही. "एवढ्यासाठी पैसे घेता का," असेही एक जण म्हणाले, आणि ते परत आले नाहीत.

काकू मार्च अखेरीस पुन्हा येऊ लागल्या. येताना पायांत मोजे आणि मागे पट्टा असलेली बंद चप्पल असते. देवळात सून त्यांच्यासाठी सकाळी सातची वेळ ठरवते. आम्ही त्यांचे पाय काशाच्या वाटीने, साध्या तुपाने, काहीही न तापवता चोळतो. त्यांना अजूनही दगडांची आठवण येते. "त्या काळ्या गोट्यानं बरं वाटायचं की गं," असे त्या परवाच म्हणाल्या. मी त्यांना विचारले की त्या दिवशी दगड लागलाच नव्हता, तर बरे कशाने वाटले? त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी पाय धरून बसलं होतं ना."

चवड्यावरचा डाग आता मुगाच्या दाण्याएवढा उरला आहे. प्रत्येक भेटीत तो पट्टीने मोजून तारखेसह लिहिला जातो; शेवटची नोंद ४ मिलिमीटर अशी आहे, आणि तिच्याखाली टाचेवरच्या जुन्या व्रणाचेही माप आहे.